चौदा महिने शिकले आणि तीन आठवड्यांच्या पोरानं गादीसारखं उचलून टाकलं

कर्वेनगरकरीण

कुस्ती, जुडो, जिउ-जित्सू यातलं काही करणारं कुणी इथे असेल तर जरा बोला. बाकीच्यांनी चहा घ्या.

वय ३८, उंची पाच फूट एक इंच, वजन ५३, सणासुदीला ५४. सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरायचं काम करते, त्यामुळे दर महिन्याच्या २० तारखेआधीचे चार दिवस मी माणसात नसते. गेल्या वर्षी जूनमध्ये कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतल्या जिउ-जित्सूच्या क्लासला मुलाला घालायला गेले. त्यानं पहिल्याच दिवशी भोकाड पसरलं. भरलेले तीन महिन्यांचे पैसे परत मिळणार नव्हते. म्हणून मी गेले. इतकीच पार्श्वभूमी आहे, कुणावर सूड वगैरे उगवायचा नाहीये.

मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसात, रविवारी सकाळी. मी फारसे खाडे करत नाही. पावसाळ्यात गी (क्लासचा जाड सुती सदरा-पायजमा) चार-चार दिवस वाळत नाही, गॅलरीत ओल्या कुत्र्यासारखा वास येतो, तरी जाते. क्लासमध्ये एकोणीस जण, त्यात आम्ही दोघीच बायका. दुसरी कॉलेजातली, ४७ किलोची, परीक्षा आली की गायब. म्हणजे बहुतेक फेऱ्या (सरावाच्या लढती) पुरुषांबरोबर, आणि त्यातला सगळ्यात हलका ६८ किलोचा.

आता गेल्या गुरुवारचं. एक नवा मुलगा आलाय, तेविशीचा, जिमवाला, ८४ किलो. येऊन तीन आठवडे झालेत, पट्ट्याची घडीसुद्धा अजून मोडलेली नाही. सरांनी आमची जोडी लावली, पाच मिनिटांची फेरी. पहिल्याच मिनिटात मी रीतसर त्याचे पाय ओलांडून साइड कंट्रोल घेतला. म्हणजे तो पाठीवर, मी त्याच्या छातीवर आडवी. गुडघा त्याच्या कमरेशी, डोकं खाली, वजन पुढे. चौदा महिन्यांत शिकवलेलं एकूण एक तिथे होतं. त्यानं श्वास रोखला, तोंड लाल केलं आणि दोन्ही हातांनी मला सरळ वर उचललं. दिवाळीच्या साफसफाईत गादी उचलून बाजूला टाकतात, तसं. मग तो वर. आणि मग नुसताच वर. डाव नाही, काही नाही, कोपर माझ्या जबड्यावर आणि ८४ किलो बरगड्यांवर. मी टॅप केलं. टॅप म्हणजे हार मानून हातानं थोपटणं. डाव लागला म्हणून नाही, श्वास येईना म्हणून.

उठल्यावर म्हणतो, "सॉरी ताई, लागलं नाही ना?"

लागलं ते त्या 'ताई'नंच. डोळ्यांत पाणी आलं, ते घाम म्हणून खपवलं.

पाडव्यापासून मी एक्सेल ठेवलंय (हो, माहितीये). ११८ फेऱ्या. मी टॅप केलं १६३ वेळा. समोरच्यानं केलं ५ वेळा. त्यातल्या चार वेळा ती कॉलेजकन्या होती, आणि पाचव्यानं दया म्हणून केलं असा माझा दाट संशय आहे.

"सरावाने येईल" आणि "मजा घ्या" ही उत्तरं नकोत. क्लासच्या भिंतीवर लिहिलंय की तंत्रापुढे ताकद चालत नाही. मग चौदा महिने मी शिकले काय? की हे लहानखुऱ्या माणसांना फी भरायला लावायचं वाक्य आहे? आणि अशा माणसाबरोबर फेरी नको असं सांगितलेलं चालतं का? आमच्याकडे कुणीच नाही म्हणत नाही.

ता. क. खोकलं की उजवी बरगडी दुखते. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

एक_ते_चार_बंद

तीन आठवड्यांचा ८४ किलोवाला म्हणजे शिकाऊ लायसनवर फॉर्च्युनर. गाडी मोठी, ब्रेक कुठे ते माहीत नाही. पुण्यात अशी गाडी समोरून आली की आपण काय करतो? शिव्या देत कडेला होतो. तेच करा.

रस्त्यावरचा वाघ

हे सगळे खेळ आहेत. प्रत्यक्षात कुणी अंगावर आलं तर सरळ डोळ्यात बोट घालायचं, विषय संपला. क्लासची गरजच नाही.

कर्वेनगरकरीण

@रस्त्यावरचा वाघ, संध्याकाळी सात वाजता कर्वे रस्त्यावर कुणाकुणाच्या डोळ्यात बोट घालायचं याची यादी माझ्याकडे तयार आहे. पण प्रश्न तो नाही.

फिजिओ_एरंडवणे

बरगडीबद्दल तेवढं सांगते. वरून दाब येऊन नंतर खोकल्या-शिंकल्यावर, कुशीवर वळल्यावर दुखत असेल तर बहुतेक वेळा बरगडी आणि छातीचं हाड यांच्यामधली कूर्चा किंवा तिथले स्नायू दुखावलेले असतात. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती चार दिवसांत भरत नाही, कित्येक आठवडे घेते. मधेच बरं वाटतं, आपण जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून. पण फोनवर किंवा इथे बसून फ्रॅक्चर आहे की नाही ते सांगता येत नाही, तेव्हा आधी दाखवून या. श्वास घ्यायला त्रास झाला तर त्याच दिवशी. आणि नवऱ्याला सांगा, पिशव्या तुम्ही उचलायच्या नाहीत.

लाल माती

ताई, मी ६४ वर्षांचा. शुक्रवार पेठेत वाढलो, चिंचेची तालीम हाकेच्या अंतरावर. मी दुसऱ्या एका तालमीत जायचो. तुमचं जपानी-ब्राझिली मला कळत नाही, नातू करतो म्हणून थोडं बघितलंय. आमच्यात पाठ टेकली की कुस्ती संपते, तुमच्यात पाठ टेकल्यावर सुरू होते म्हणे. ते मला अजून पचलेलं नाही. असो.

तुमची चूक नंतर सांगतो. आधी तुमच्या सरांची. जोड चुकीची लावली. आमच्याकडे कोण कुणाशी लढणार हे पैलवान ठरवत नसत. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून बोट दाखवायचे. दांडगा पण कच्चा गडी असला तर त्याला आधी मुरलेल्या पैलवानाच्या हातात द्यायचे, तो त्याची रग जिरवायचा. रग जिरली की मगच त्याला लहान्यांत सोडायचं. आणि मुरलेला मोठा पैलवान लहान्याशी लढताना कुस्ती देतो, घेत नाही. खेळवतो. नुसता अंगावर पडून राहिला तर वस्तादांची काठी पाठीत बसायची. तुमच्या त्या पोराला कुणी हे सांगितलेलंच नाही, त्याला काय दोष देणार.

आता माझं ऐका. १९७८ साल, मी १७ वर्षांचा, वजन ५८. साताऱ्याकडचा एक पैलवान तालमीत राहायला आला, नव्वदीच्या पुढचा. वस्तादांनी रोज पहाटे मला त्याच्यापुढे उभं केलं. पंधरा दिवस मी माती खाल्ली. म्हणजे खरोखर खाल्ली, दातांत जाते ती. हळद, ताक, तेल घातलेली माती, चव काही वाईट नसते. सोळाव्या दिवशी मी रडवेला होऊन म्हटलं, वस्ताद, हा माझ्यानं पडत नाही. ते म्हणाले, "पाड म्हणून कुणी सांगितलं तुला? त्याला पाठ देऊ नकोस. एवढंच कर."

म्हणजे त्याला माझ्या मागे जाऊ द्यायचं नाही. त्यानं मानेवर हात टाकला की मी मान ताठ करायचो, आणि तीच त्याला हवी असायची. ताठ मान म्हणजे हँडल. मग मी त्याच्या हाताबरोबरच फिरायला लागलो, तो ओढेल तिकडे अर्धं पाऊल जास्त, आणि बाजूनं बाहेर. दिवाळीपर्यंत हेच. तो मला पाडायचाच. पण आधी खडाखडीतच, म्हणजे हाताला हात लागताच पडायचो, ते नंतर तीन-चार मिनिटं लागायला लागली, आणि त्याला धाप लागायला लागली. एकदा तोंड पुसत म्हणाला, "ह्यो बारका लई चिवट हाय, हाताला लागंना." त्या वाक्यावर मी अजून जगतोय.

त्याला मी एकदाही चितपट केलं नाही, हेही सांगतो. उगाच खोटं कशाला. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. एवढा मोठा मल्ल, पण त्यांनाही तिथे कुणी हेवीवेटसमोर उभं केलं नव्हतं. वजनाचे गट उगीच नाही केलेले.

छोटी मूर्ती

लाल माती काकांना दंडवत. मी जिउ-जित्सूतली पर्पल बेल्ट (ब्लॅकच्या दोन पायऱ्या खाली), सात वर्षं झाली, वजन ४९. म्हणजे तुमच्यापुढे मी ती कॉलेजकन्या.

भिंतीवरचं वाक्य अर्धं आहे. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटला अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून बाहेर बसवलं. शंभर ग्रॅम! आणि तुम्ही ३१ किलोचा फरक घेऊन "माझं काय चुकलं" विचारताय. तंत्र ताकदीचा भाव कमी करतं, शून्य करत नाही.

पण एक गोष्ट चुकलीच, आणि ती मला तुमच्या पोस्टमध्ये दिसतेय. त्यानं तुम्हाला दोन्ही हातांनी सरळ वर उचललं म्हणालात ना? म्हणजे बेंच प्रेस. म्हणजे कोपरं उघडी, हात ताठ. ताई, त्यानं तुम्हाला हात आणून दिला होता. जिमवाले नवे सगळे हेच करतात, कारण त्यांना पाठीवर पडल्यावर तेवढंच येतं. त्या क्षणी तुम्ही काय करत होतात? माझा अंदाज, आणखी जोरात खाली दाबत होतात. मिळालेली जागा सोडवेना. मीही दोन वर्षं हेच केलं. तो ढकलतोय तर वर जा, त्याच्या ताठ हाताला मिठी मारा, पाय त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाका, आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव. त्याच्या दोन्ही दंडांशी तुमची छाती भांडत होती, त्याऐवजी त्याच्या एका कोपराशी तुमची अख्खी कंबर भांडली पाहिजे. तिथे ५३ किलो पुरतात.

तो वर आल्यावरचं दुसरं. तुम्ही पाठीवर सपाट होतात, बरोबर? सपाट पाठ म्हणजे गादी. मग तो झोपणारच. एक हाताची कड त्याच्या मानेला, दुसरी त्याच्या कमरेच्या हाडाला, आणि तुम्ही कुशीवर. हात लांब करून छातीला ढकलायचं नाही, तसं केलंत तर आता तुम्हीच हात आणून दिलात. फ्रेम ही टेकू असते. पावसात भिंतीला बांबूचा टेकू देतात, तो बांबू भिंतीला ढकलत नाही, नुसता उभा राहतो.

आणि दांडग्यांच्या पाठीवर जायला शिका. मागे कुणी चिकटलं तर बेंच प्रेस करता येत नाही. गळा तिथून घ्यायचा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की दंड केवढाही असो, दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. म्हणूनच टॅप लवकर करायचं, आणि केलं की लगेच सोडायचं. दोन्ही बाजूंनी.

नाही म्हणायचं? खुशाल म्हणा. "आज बरगडी दुखतेय, नको" किंवा "निम्म्या जोरानं घेऊ या का?" मी तर अजून नव्या माणसाशी पहिली फेरी कधीच घेत नाही. आधी लांबून बघते, श्वास रोखतोय का. श्वास रोखणारे धोक्याचे, घोरणारे चालतात.

शेवटचं, एक्सेल. १६३ टॅप लिहिलेत आणि कारण एकाचंही नाही. तुमच्या क्लायंटनं असा व्हाउचरांचा गठ्ठा आणून दिला तर त्याला काय म्हणाल?

एक_ते_चार_बंद

"घोरणारे चालतात" हे वाक्य संदर्भाशिवाय कुणी वाचू नका.

कर्वेनगरकरीण

व्हाउचर फार लागलं. क्लायंटला मी काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

काल रात्री बसून आठवतील तेवढी कारणं भरली. शेवटच्या २२ टॅपची नीट आठवली. त्यातली १४ एकच आहेत. मी खाली, पाठीवर सपाट, हात लांब करून ढकलतेय, तोच हात धरला जातोय. चौदा! आणि ती ८४ किलोवाल्यापुरती नाहीत. त्यात ६८ किलोवाला आहे आणि एकदा तर कॉलेजकन्यासुद्धा. म्हणजे मी ज्याला ताकद म्हणून रडत होते, त्यातला मोठा भाग माझ्या हातांची सवय आहे. बसमधल्या गर्दीत आपण जसं कोपर लांब करून लोकांना दूर ठेवतो ना, ते मी मॅटवर करतेय. पंधरा वर्षं पीएमटीनं प्रवास केल्याचा परिणाम.

तरीही, छोटी मूर्ती, त्या उचलण्याचं मला अजून पचत नाही. हात ताठ होते हे तुम्ही लिहिल्यावर आठवलं. तेव्हा फक्त पंखा जवळ येतोय एवढंच कळलं होतं.

लाल माती काका, सरांशी बोलायचं धाडस होत नाहीये. बघते. फिजिओताई, दाखवलं. मोडलेलं नाही, चार आठवडे बंद. नवऱ्याला कळलं. तो म्हणाला, "मग त्या पोराचं काय झालं?" मला वाटलं काळजीनं विचारतोय, त्याला म्हणे खरंच त्या पोराचं काही झालं का हे जाणून घ्यायचं होतं.

सत्त्याण्णव किलो

चिंचवडहून. मी त्या पोराच्या बाजूचा माणूस. नावातच सगळं आलं.

आम्हाला कुणी काही सांगत नाही हो. मी सुरुवातीला हळू घ्यायचो तर एक मुलगी चिडली, "मला खेळणं समजतोस का?" मग जोर लावला तर दुसऱ्याच्या गुडघ्यावर पडलो. मुद्दाम नाही, पाय सटकला. त्याचं लिगामेंट गेलं, तो सहा महिने नव्हता आणि परत आला तेव्हा माझ्याशी नीट बोलला, तेच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून लहान माणसाबरोबर फेरी असली की मी आपण होऊन खाली बसतो आणि खालून खेळतो. ९७ किलो खाली असले की कुणाला काही होत नाही. शिवाय मला खालून काहीच येत नव्हतं, ते आता जरा येतं.

त्या पोराला सरळ सांगा की बाबा रे, श्वास सोड आणि कोपर काढ. त्याला 'सॉरी ताई'च्या पुढचं काही सुचलं नसणार. मला तर पहिलं वर्षभर वाटायचं की लोक टॅप करतायत म्हणजे मला येतंय. मग एका रविवारी शाळेतला एक जुडोवाला पोरगा आला, ६१ किलो. मी पाऊल टाकतोय तेवढ्यात त्यानं नुसता घोट्याला तळपाय लावला. मला ताकद लावायला जागाच मिळाली नाही, मी हवेत होतो. केळ्याच्या सालीवरून पडल्यासारखा. तीनदा. तिन्ही वेळा तोच पाय.

छोटी मूर्ती

या धाग्यावर एक जुनी गोष्ट टाकायचा मोह आवरत नाही. १९५१ मध्ये रिओत, ब्राझिली जिउ-जित्सू रुजवणाऱ्या घराण्यातला एलिओ ग्रेसी आणि जपानचा जुडोका मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरा वजनानं बराच जास्त. त्यानं एलिओचा हात मागे पिळला, हात मोडला, एलिओ टॅप करेना, शेवटी त्याच्या भावानं टॉवेल टाकला. तो डाव आज जगभरच्या जिउ-जित्सू क्लासांत 'किमुरा' म्हणून शिकवतात. ज्यानं हात मोडला त्याचं नाव, हरलेल्या घराण्याच्या शाळेत. (हात मोडेपर्यंत थांबणं मात्र शिकू नका. ताई, तुमचे १६३ मला जास्त आवडले.)

लाल माती

नातवाला विचारलं, म्हणतो किमुरा मला येतो. करून दाखव म्हटलं. आता खांद्याला बाम चोळतोय. माझ्या.

कर्वेनगरकरीण

सहा आठवड्यांनी लिहितेय. मधे गणपती, मधे २० तारीख.

सरांशी बोलले. फार काही नाही, "सर, नव्यांबरोबर माझी जोडी लावताना आधी मला विचाराल का?" एवढंच. ते म्हणाले, "अगं, तू मजबूत आहेस म्हणून लावली." हे कौतुक की पळवाट, अजून ठरलेलं नाही. पण आता विचारतात.

परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात फेऱ्या घेतल्या नाहीत, कॉलेजकन्येबरोबर नुसती फ्रेम आणि कुशीवर वळणं, दोन-दोनशे वेळा. मग त्या पोराबरोबर मी स्वतःच फेरी मागितली. आधीच सांगितलं, श्वास सोड, कोपर काढ, निम्मा जोर. तो इतका पटकन "हो ताई" म्हणाला की सत्त्याण्णव किलोंची आठवण झाली.

पुन्हा साइड कंट्रोल मिळाला. पुन्हा त्यानं हात लावले, निम्मा जोर विसरला, कोपरं ताठ. आणि या वेळी मला दिसलं! मी वर गेले, हाताला मिठी मारली, पाय टाकला आणि घसरून पाठीवर पडले. हात सुटला. तो वर. पण मी कुशीवर होते. बांबू उभा होता. तो ढकलतोय, मी सरकतेय, असं करत घंटा वाजली. टॅप नाही. तो लालबुंद, धापा टाकत मॅटवर आडवा, आणि मी पाणी प्यायला चालत गेले. मुद्दाम चालत गेले, मांड्या थरथरत होत्या तरी.

मग तो मागून आला. "ताई, तो हाताचा काय डाव होता? मला कळलाच नाही." मला कोण आनंद. पंधरा मिनिटं दाखवला. मिठी कुठे, गुडघे कसे आवळायचे, कंबर केव्हा उचलायची, मी कुठे घसरले आणि तू घसरू नकोस म्हणून टाच कुठे ठेवायची.

गुरुवारी त्यानं तोच मला लावला. अगदी हळू, श्वास सोडून, टाच बरोबर जागी.

टॅप क्रमांक १६९. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "मीच शिकवला."